एकसष्ट टक्के पोकळ

एकोणीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेतून एकही वस्तू हरवलेली नाही. टाचणीसुद्धा नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंदवहीत लिहिलेलं आहे. दर शुक्रवारी मी स्वतः मोजते आणि खाली सही करते: गेर्डीन औडे फ्रीलिंक.

आमचं काम विमानाचे भाग बनवण्याचं. धातूचे नाहीत, कार्बनच्या धाग्यांचे. हे धागे एकत्र धरून ठेवायला प्लास्टिक लागतं, आणि इथेच जगात दोन तट आहेत. बाकीचे लोक वापरतात ते प्लास्टिक उकडलेल्या अंड्यासारखं असतं, एकदा घट्ट झालं की संपलं. आमचं चीजसारखं आहे. तापवलं की मऊ, गार केलं की घट्ट, पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ. फरक इतकाच, की ते वितळायला जवळजवळ चारशे अंश लागतात आणि ते टोस्टवर घालता येत नाही. पण दोन भाग वितळवून एकमेकांना असे चिकटवता येतात, की जोड कुठे आहे ते विचारावं लागतं.

त्यासाठी एकच अट असते. स्वच्छता! बोटाचा तेलकट ठसा उमटला तरी जोड बिघडतो. म्हणून माझे काही नियम आहेत. प्रत्येक नमुना पांढऱ्या सुती कापडात गुंडाळायचा. माझ्या सहीशिवाय कापड कुणीही उघडायचं नाही. लेबल नमुन्याला कधीच लावायचं नाही, कारण लेबलाचा गोंद म्हणजे घाणच. लेबल लावायचं ते नमुना ज्या फळीवर ठेवलाय त्या फळीला. आणि तपासणीचा निकाल आम्हाला आणि ग्राहकाला एकाच क्षणी जाईल, आपोआप. लपवाछपवी नाही.

हे चारही नियम अत्यंत शहाणपणाचे आहेत. आता पुढचं ऐका.

त्या शुक्रवारी आमच्याकडे मादाम एस्तुर्नेल येणार होत्या. विमानांचे दरवाजे बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीच्या त्या मुख्य तपासनीस. त्यांच्यासाठी आम्ही एक तुळई बनवली होती: एक मीटर वीस सेंटिमीटर लांब, आतून पोकळ, वरून गोलसर, दोन्ही तोंडांना काळी झाकणं. दुपारी त्यांच्यासमोर ती यंत्रावर वाकवून दाखवायची होती. तुळई टिकली तर दोन वर्षांचं काम आमचं. दुसरी तुळई नव्हती. तितकं कार्बनचं कापडच उरलं नव्हतं.

ती बनवली होती दिनांडने. आमच्या मोठ्या दाबयंत्रावर दिनांडसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. चारशे अंशांच्या गोष्टीशी तो झोपलेल्या मांजराशी बोलावं तसा बोलतो. पण त्याची नोकरी तात्पुरती. करार दोन महिन्यांत संपत होता. काम मिळालं तर कायम, नाही तर नमस्कार. आणि मंगळवारी तुळई साच्यातून बाहेर आली, तेव्हा तिकडे दवाखान्यात त्याची मुलगीही बाहेर आली. फेन्ना. म्हणजे बघा, त्या तुळईवर काय काय अवलंबून होतं!

आता आमच्या ट्वेंटेमध्ये, म्हणजे नेदरलँड्सच्या पूर्वेकडच्या भागात, बाळ झालं की मनुकापाव न्यावाच लागतो. लांबच लांब पाव, मनुकांनी ठासून भरलेला. तो पिशवीतून नेत नाहीत, शिडीवर आडवा ठेवून दोघांनी पुढेमागे धरून मिरवत न्यायचा. आमच्या प्रयोगशाळेतर्फे मी बेकरला सांगून ठेवला. तो आठ वाजता घेऊन आला. किती लांब? एक मीटर वीस.

मी विचार करून मागवला नव्हता. मला लांबी विचारली, तोंडात तोच आकडा होता.

कॉफीच्या खोलीतल्या टेबलावर तो मावेना. शेवटी मीच परवानगी दिली, की तासाभरापुरता आपल्या फळीवर ठेवा. ही फळी म्हणजे प्रयोगशाळा आणि बाहेरचा बोळ यांच्यामधल्या भिंतीत केलेली आरपार खिडकी आहे. दोन्ही बाजूंनी हात घालता येतो. पण पावाला लोणी असतं! म्हणून मी तो माझ्या पांढऱ्या कापडात नीट गुंडाळला. शेजारी पांढऱ्या कापडातली तुळई. फळीच्या कडेला दोन लेबलं लावली, सुवाच्य अक्षरात. नियम म्हणजे नियम.

साडेदहाला आमचा प्रमुख सीत्से शिडी घेऊन निघाला. सीत्से उंच, भला माणूस. त्याला प्रयोगशाळेतलं फारसं कळत नाही आणि हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो चांगला प्रमुख आहे. तो बोळात उभा राहिला आणि त्याने मला आतल्या फोनवर विचारलं, दोन गुंडाळ्या आहेत, पाव कुठला?

मी आत टेबलाशी होते. मान वर करून फळीकडे पाहिलं. पाव डावीकडे.

"डावीकडचा," मी म्हणाले.

नंतर आठवून पाहिलं तर तो म्हणाला होता, "जड आहे गं, बेकरने मनुका हात राखून घातलेल्या नाहीत." आणि मी मनात म्हटलं होतं, बरं झालं.

अकरा वाजता तिर्झा बोळातूनच हात घालून उरलेली गुंडाळी घेऊन क्ष-किरण यंत्राकडे गेली. तिर्झा आमच्याकडची सगळ्यात विश्वासू तपासनीस. त्या दिवशी तिला इतकी सर्दी झाली होती की ती स्वतःचं नावसुद्धा चुकीचं उच्चारत होती. क्ष-किरण कापडातून आरपार जातात, त्यामुळे कापड उघडायची गरज नाही, आणि माझ्या सहीशिवाय तिने उघडलंही नसतं.

बाराला पाच कमी असताना माझ्या पडद्यावर निकाल आला. मी चहाचा कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पोकळी: एकसष्ट टक्के.

आमच्याकडे भिंतीच्या जाडीत अडकलेली हवा, म्हणजे पोकळी, एक टक्क्यापर्यंत चालते. दीड टक्का झाली तर बैठक होते. दोन टक्के झाली तर कुणीतरी रडतं. एकसष्ट म्हणजे काय, ते मला समजेचना. आणि तेवढ्यावर थांबलं नव्हतं. खाली लिहिलं होतं: बाह्य पदार्थांचे कण, चारशे बारा. आकार पाच ते नऊ मिलिमीटर. लंबगोल. पृष्ठभाग सुरकुतलेला. शिवाय मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अज्ञात पदार्थाचा सलग दांडा.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. घाबरले नाही. मी शक्यता लिहून काढल्या. एक, कार्बनच्या कापडात ओलावा होता आणि त्याची वाफ झाली. पण एकसष्ट टक्के वाफ व्हायला तुळई कालव्यात बुडवून आणावी लागेल. दोन, दाब कमी पडला. पण दिनांडच्या हातून? तीन, कच्च्या मालातच खोट होती.

तिसरी शक्यता मला पटली. मी माल पुरवणाऱ्यांना फोन लावला आणि शांतपणे विचारलं, की तुमच्या मालात नऊ मिलिमीटरचे सुरकुतलेले कण कसे आले. तिकडच्या माणसाने आधी ठाम नकार दिला. मग मी आकडे वाचून दाखवले. मग त्याने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी माफी मागितली. म्हणाले की त्यांनाही एप्रिलपासून त्यांच्या एका गोदामाविषयी शंका येत होती, आणि असे कण त्यांनी पूर्वी एकदा पाहिल्याचं आता त्यांना आठवतंय.

झालं! कारण सापडलं. मी दाबयंत्र बंद करायला सांगितलं, उरल्यासुरल्या मालावर लाल फीत बांधली आणि मादामना काय सांगायचं याची टिपणं काढायला बसले. तेव्हा चौथा नियम आठवला. निकाल त्यांनाही गेलेला होता. आपोआप. त्या आगगाडीत बसून तो वाचत असणार.

मी सीत्सेला फोन केला. उचलला नाही. आमच्याकडे बाळ बघायला गेलं की फोन कोटाच्या खिशात आणि कोट दाराजवळच्या खुंटीवर असतो. पुन्हा केला. खुंटीनेही उचलला नाही.

मग मी तिर्झाकडे गेले. यंत्राच्या खोलीचं दार उघडलं आणि थबकले. दालचिनीचा वास. लोण्याचा वास. मला वाटलं, ताणामुळे मेंदू असं करत असेल.

"तिर्झा, तुला काही वास येतोय?"

"बला काहीच वास येत दाही," तिर्झा म्हणाली.

मी हातमोजे घातले, सही केली आणि कापड उघडलं.

पुढची दहा सेकंदं मी तुम्हाला नीट सांगू शकणार नाही. मला एवढंच आठवतं, की पाव दिसत असूनही मी आधी असाच विचार केला, की तुळई फुगून पाव कशी झाली. मग मी फळीपाशी गेले. आतून पाहिलं: पाव डावीकडे. मग बोळात गेले, सीत्से जिथे उभा होता तिथे, आणि तिथून पाहिलं. लेबलं दिसेनात, ती फळीच्या आतल्या कडेला होती. आणि पावाची जागा उजवीकडे होती.

एकोणीस वर्षं मी त्या खिडकीच्या एकाच बाजूला उभी होते!

पाव काखेत मारला आणि सायकलवर बसले. दिनांडचं घर वीस मिनिटांवर. मी चौदा मिनिटांत पोचले. वाटेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून मला नमस्कार केला. काखेत मनुकापाव म्हणजे बाळ झालेलं असणार.

दिनांडच्या दारात पोचते तोच आवाज आला. शेजारच्या परसातून. करवतीची बारीक, उंच किंचाळी. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. हिऱ्याच्या पात्याची, पाण्याच्या धारेखाली चालणारी करवत. कार्बन कापायची हीच बरोबर पद्धत आहे.

मी आत शिरले. बैठकीच्या खोलीत गोल करून खुर्च्या मांडलेल्या, त्यावर चौदा माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर बशी, बशीत गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या लावलेला टोस्ट. आता आमच्याकडे अशा खोलीत शिरलं की प्रत्येकाचं अभिनंदन करावं लागतं. हात हातात घेऊन, नातं नावानिशी उच्चारून. नातीबद्दल अभिनंदन. भाचीबद्दल अभिनंदन. कुणालाही वगळता येत नाही. वगळलं तर ती गोष्ट दोन पिढ्या चालते.

तुम्ही म्हणाल, सरळ परसात पळायचं. तुम्ही ट्वेंटेचे नाही.

मी उजवीकडून सुरुवात केली. आजीचं अभिनंदन. आजोबांचं. करवत थांबली. मला वाटलं, संपलं सगळं. एका मावशीचं, मग दुसऱ्या मावशीचं. तिने माझा हात सोडलाच नाही. बाळाचं नाक कुणासारखं आहे असं मला वाटतं, ते तिला हवं होतं. मी म्हणाले, तुमच्यासारखं. मी बाळ पाहिलंसुद्धा नव्हतं. सहाव्या खुर्चीवर सीत्से. बाळाशी त्याचं काही नातं नाही, तरी मी त्याचंही अभिनंदन केलं आणि कानात म्हटलं, "तू आणलेला पाव कुठे आहे?"

"शेजारच्या हार्मकाकांकडे. पाव कापायचा मान शेजाऱ्यांचा ना. तासभर झाला, कापतायत अजून."

"तुला विचित्र नाही वाटलं?"

सीत्सेने थोडा विचार केला. "वाटलं. पण पाव आपणच आणलेला. कडक आहे का असं आपणच कसं विचारायचं?"

करवत पुन्हा सुरू झाली. उरलेल्या आठ जणांचं अभिनंदन मी इतक्या वेगाने केलं, की दिनांडच्या सासऱ्यांना त्यांच्या मावशीबद्दल शुभेच्छा मिळाल्या. आणि मी परसात धावले.

हार्मकाकांनी चाळीस वर्षं फरश्या बसवल्या. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, पण खोपटातली फरशी कापायची करवत त्यांनी विकलेली नाही. आमची तुळई त्या करवतीवर आडवी, मापात बसवलेली. पाण्याची धार सुरू. चाळीस सेंटिमीटरवर पेन्सिलीची रेघ, आणि पातं त्या रेघेपासून एका बोटावर.

मी आयुष्यात कुणावर ओरडले नाही. तेव्हाही ओरडले नाही. मी भिंतीतला प्लग ओढला.

पातं फिरत फिरत थांबलं. हार्मकाकांनी कानांवरची आवरणं काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या काखेतल्या पावाकडे.

"हां," ते म्हणाले. "दुसरा आणलास. बरं केलंस. हा साच्यातून निघतच नाहीये बघ."

त्यांना वाटलं होतं, की ही काळी वस्तू म्हणजे भट्टीतला साचा. बेकरने पाव साच्यासकट पाठवला, झाकणं लावून. आधी त्यांनी झाकण उचकटून पाहिलं. मग सुरी, मग छिन्नी. छिन्नीचं टोक मोडलं. मग शांतपणे करवत सुरू केली आणि एका टोकाची चकती कापून काढली.

"आत काहीच नाही," ते म्हणाले. "म्हटलं, पाव आकसून मधे बसला असेल. म्हणून आणखी आत कापायला घेतलं. पण तुला सांगतो, या बेकरकडे पैसे परत माग."

"हार्मकाका, ही विमानाची तुळई आहे."

त्यांनी तुळईकडे पाहिलं. मग कापलेल्या चकतीकडे.

"दिनांडची?" त्यांनी विचारलं.

दाराशी दिनांड उभा होता. खांद्यावर लंगोट, शर्टावर दुधाचा डाग. मावशीने त्याला वरून बोलावून आणलं होतं, की तुझ्या ऑफिसातली ती गरीब बाई पाव घेऊन पळत गेली. त्याने तुळई पाहिली. तीन दिवस तो झोपला नव्हता आणि त्याची नोकरी फरशीच्या करवतीवर पडलेली होती.

त्याने चकती उचलली. पाणी पुसलं, दारातल्या उजेडाकडे धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"गेर्डीन," तो हळूच म्हणाला, "जोड दिसत नाहीये."

मी पाहिलं. दोन भाग जिथे वितळवून जोडले होते, ती जागा मला माहीत होती, तरी सापडेना. एक पोकळी नाही, एक रेघ नाही. आम्ही प्रयोगशाळेत इतका स्वच्छ काप कधी घेतला नव्हता. मी खिशातली पट्टी काढली. तुळई आता एकशे सोळा सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. वाकवायच्या यंत्राचे दोन आधार एकमेकांपासून एकशे दहा सेंटिमीटरवर.

"पुरते," मी म्हणाले.

तुळई पुन्हा कापडात, कापड शिडीवर, शिडी सीत्सेच्या गाडीच्या टपावर. दिनांड यायचाच म्हणाला. पाव घरीच राहिला, फक्त मी एक तुकडा रुमालात बांधून घेतला, पुरावा म्हणून. का कुणास ठाऊक, हार्मकाकाही गाडीत बसले होते.

मादाम एस्तुर्नेल आमच्या दाराशी उभ्या होत्या. बारीक, करड्या केसांच्या. हातात निकालाचा कागद, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

त्या म्हणाल्या की हा निकाल त्यांनी चार वेळा वाचला. आधी वाटलं होतं, पुढच्या स्थानकावर उतरून परत जावं. "पण मी तीस वर्षं हे काम करतेय. एक टक्का पोकळी असली तरी लोक मला अर्धा सांगतात. एकसष्ट टक्के कुणी कधी कळवली नव्हती. म्हटलं, इतकी प्रामाणिक माणसं कोण आहेत ती पाहून तरी जाऊ."

आता इथे गप्प बसता आलं असतं. सीत्से माझ्याकडे आशेने बघत होता. दिनांड जमिनीकडे.

"मादाम," मी म्हणाले, "त्या मनुका आहेत."

मी सगळं सांगितलं. फळी, खिडकी, डावी बाजू, चौदा अभिनंदनं. रुमाल सोडून तुकडा पुढे केला. मादामनी एक मनुका नखाने काढली आणि कागदावरच्या कण क्रमांक सतराच्या चित्राशेजारी धरली. निरखून पाहिली. मग खाल्ली.

"आणि हा सलग दांडा?"

"बदामाचा, वाटून घातलेला," मी म्हणाले.

त्यांनी बदामही खाल्ला. नंतर त्यांनी तुळईची चकती मागितली, आणि ती खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिली. शेवटी विचारलं, हा काप कुणी घेतला? आमच्या मागे उभे असलेले हार्मकाका टोपी हातात घेऊन पुढे आले, शिक्षा ऐकायला यावं तसे.

दुपारी तीनला तुळई यंत्रावर चढली. दिनांडने कळ दाबली. ती वाकली, आणखी वाकली, ठरवलेल्या आकड्याच्या पुढे गेली आणि भार काढल्यावर सरळ झाली. दिनांड तिच्याशी काहीतरी पुटपुटत होता. मादामनी सही केली. हार्मकाकांनी तुळईकडे पाहून मान हलवली.

"याहून वाईट असू शकलं असतं," ते म्हणाले. आमच्याकडे याच्या वरचं कौतुक नाही. लग्नातसुद्धा एवढंच म्हणतात.

दिनांड आता कायम आहे. हार्मकाका आठवड्यातून दोन सकाळी येऊन आमचे काप घेतात आणि नियम धाब्यावर बसवून प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने लिहितात, हे काय आहे ते. मी काही बोलत नाही. माल पुरवणाऱ्यांनी ते गोदाम बंद केलं. त्यांना खरं कसं सांगावं याचा मी अजून विचार करतेय.

फक्त तो निकाल राहिला. आमच्या नोंदी पुसता येत नाहीत. हाही माझाच नियम, पाचवा; वर सांगायचा राहिला. त्यामुळे दर वर्षी हिशेब तपासायला येणारा माणूस त्या ओळीवर थांबतो आणि विचारतो, की एकसष्ट टक्के पोकळी असलेल्या नमुन्याचं पुढे काय झालं, तो रकाना भरा. मी भरते. खोटं मला लिहिता येत नाही.

"खाल्ला. याहून वाईट असू शकला असता."